सेंद्रिय कर्ब वाढवा म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब मांडून दाखवा

माळरान (वाळवा):
गावात माती परीक्षणाचे कागद वाटले, ज्याच्या त्याच्या कागदावर एकच ओळ, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातनं मातीत आलेला कार्बन) कमी, शेणखत वाढवा. माझा ०.४२ टक्के आलाय, शेजाऱ्याचा ०.३८, म्हणजे आम्ही दोघंपण नापास. सल्ला देणारे हिशोब करत नाहीत म्हणून मीच करतो. एक एकर रान, वरची सहा इंच माती, वजन धरा ९ लाख किलो. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर ९०० किलो निव्वळ कर्ब मातीत टिकला पाहिजे. नुसता पडून उपयोग नाही, टिकला पाहिजे. ट्रॉलीत शेणखत धरा ३ टन, त्यात निम्मं पाणी, राहिलेल्या दीड टनात कर्ब फारतर ४०० किलो, आणि आपल्या उन्हात त्यातला बहुतेक वर्ष-दोन वर्षांत हवेत जातो, पाचवा हिस्सा राहिला तरी नशीब. झाले ८० किलो. मग ०.१ साठी अकरा-बारा ट्रॉल्या, आमच्याकडं ट्रॉली ६ हजाराच्या खाली कोण देत नाही, सत्तर हजार गेले, भरणी-पसरणी वेगळी. एवढं करून ०.४२ चा ०.५२. आणि पुढं हात आखडला की परत खाली.

माझ्या उसाला ड्रिपमधनं खत जातंय, कागद बघूनच डोस देतो, टनेज शेणखतवाल्यांपेक्षा कमी नाही. झाड नत्र घेतं ते नायट्रेट नाहीतर अमोनियमच्या रूपात, ते शेणातनं आलं का गोणीतनं, मुळाला काय कळतंय? ज्यांचा गोठा आहे त्यांनी करावं, बाकीच्यांना उगाच अपराधी वाटायला लावू नका. आणि हो, उसाचं वाळलं पान, पाचट, मी जाळतो.

सरीवरंबा (शिरोळ):
हिशोब बरोबर केलासा दादा, फक्त शेवटची ओळ तेवढी हिशोबात धरायची राहिली. एकरी साडेतीन-चार टन वाळलं पाचट निघतंय, त्यात ३५-४० टक्के कर्ब, म्हणजे १३०० किलोच्या आसपास. तुमच्याच पाचव्या हिश्श्यानं २६० किलो टिकला. तीन ट्रॉल्या शेणखताचा माल काडी लावून पेटवायचा आणि मग ट्रॉली महाग म्हणून बोंब मारायची. वर १५-२० किलो नत्र गेलं धुरात. पालाश (पोटॅश) तेवढा राखेत राहतोय, तोपण वाऱ्यानं नेला नाही तर.

अवघड काय नाही त्यात. ऊस तुटला की बुडखे जमिनीबरोबर छाटायचे, पाचट सरीत दाबून बसवायचं, त्यावर एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, मग पाणी. दोन-अडीच महिन्यांनी सरीत हात घालून बघा, वरचं पान तसंच कोरडं खडखडीत, पण खाली ओलीत बुरशीची पांढरी जाळी धरलेली असती, पान बोटात चुरा होतंय, त्याखालची माती रवाळ. उसाची पांढरी मुळी वर येऊन त्या कुजक्या थरात घुसलेली दिसती. खत तर तुम्ही ड्रिपमधनं देताय, मग ती मुळी तिथं काय खायला येती ओ?

माळरान:
मुळी ओलाव्याला येती, त्यात एवढं काय. आणि पाचट ठेवूनपण बघितलंय मी. खोडवा (तुटल्या उसाच्या बुडख्याला फुटलेलं पुढचं पीक) पिवळा पडला तो पडलाच, खाली उंदरांनी संसार थाटला, वरंब्याच्या बगला फोडायला गेलो तर पाचट अवजारात अडकून ट्रॅक्टरवाला निम्म्यात सोडून गेला. शेणखताबरोबर हुमणीची अळी येती ते तर कोण बोलतच नाही.

लोणी भाकर:
उंदराला बिळं बांधावर असतात राव, पाचटावर कशाला ढकलताय 😄

ओलीचिकणमाती:
मी माती विषयातच शिकलोय, थोडं दोन्ही बाजूनं बोलतो, दोघांच्याही शिव्या खायची तयारी आहे.

पिवळेपणाचं कारण साधं आहे. पाचटात एका भाग नत्राला शंभरेक भाग कर्ब असतो, कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस-तीसला एक लागतं, मग कमी पडणारं नत्र ते मातीतनं ओढतात आणि पीक उपाशी राहतं. युरिया सांगतात तो या जिवाणूंसाठी, पाचटावर टाकायचा, बरेच जण तो उसाच्या बुडात टाकतात आणि मग पाचटाला नावं ठेवतात. पिकाचा डोस वेगळा द्यावाच लागतो. नंतर जिवाणू मरतात तेव्हा तेच नत्र परत मोकळं होतं. हुमणीचं खरं आहे, उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेण तसंच उचललं की अळ्या आयत्या रानात येतात. पूर्ण कुजलेलं आणा नाहीतर पसरायच्या आधी अळ्या वेचा.

आता माळरान यांची बाजू. मुळाला काय कळतंय हे भांडण जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिगच्या १८४० च्या पुस्तकापासूनचं आहे, त्याआधी मोठे मोठे लोक समजायचे की झाड ह्यूमसच, म्हणजे मातीतला कुजलेला काळा मालच, खातं, ते खोटं निघालं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबॉक म्हणून एक गव्हाचं रान आहे, १८४३ पासून प्रयोग चालू. एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, दुसऱ्यांना नुसती रासायनिक. शेणखताच्या पट्ट्यात कर्ब दुपटीच्या वर गेला, पण गहू दोन्हीकडे कितीतरी वर्षं जवळपास सारखाच पिकला. त्यामुळे खत-पाणी वेळेवर असलं तर पीक येतं हे म्हणणं चूक नाही. मात्र त्याच रॉथमस्टेडला जवाच्या रानात, जास्त उत्पादनाच्या नव्या जाती आल्यावर शेणखताचा पट्टा पुढं निघून गेला, कितीही नत्र ओतलं तरी खतवाला पट्टा तिथं पोचला नाही. आपले शंभर टनाचे ऊस कुठल्या प्रकारात बसतात ते तुम्हीच ठरवा.

माळरान:
हेक्टरी ३५ टन म्हणजे एकरी १४ टन, दरवर्षी, आणि तेपण थंड देशात. बघा, मी हेच म्हणत होतो.

पऱ्हाटी (यवतमाळ):
भाऊ, तुमच्याकडे पाणी हाय, ड्रिप हाय, म्हून हे सुचून राहिलं. आमचं सारं पावसावर. सरकी डोबली आन जोराचा पाऊस आला का वरची माती चोपडी होऊन पापुद्रा धरते, मंग कोंब खालीच वाकडा होऊन मरते, डोबणी दुसऱ्यांदा, बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा. ज्या तुकड्यात मेंढ्या बसवल्या होत्या तिथं हे होत नाही, माती आपोआप मोकळी राहते, हे आमच्या गावात कोणालेही विचारा. गोणीतल्या खतानं पापुद्रा फुटते का? धनगरही आता पहिल्यासारखे येत नाही. ढोरं विकली, ट्रॅक्टर घेतला, आन ट्रॅक्टर काही शेण देत नाही. कापसाची वाळली झाडं, पऱ्हाटी, चुलीत नाहीतर धुऱ्यावर पेटवते, सोयाबीनचं कुटार थोडं ढोराले, बाकी तेही पेटवते. काळी माती काळी माती म्हणून लोकं आमच्या मातीचं कौतुक करते, रंग काळा हाय हो, कर्ब अर्धा टक्काबी नाही.

सरीवरंबा:
पऱ्हाटी लवकर कुजत नाही म्हणून पेटवतो असं कारण सांगू नका भाऊ. इंदूरला इंग्रज शेतीशास्त्रज्ञ हॉवर्डसाहेब आणि त्यांचे सहकारी वाड यांनी १९२० च्या दशकात कंपोस्टची पद्धत बसवली ती कापसाच्या पट्ट्यातच. कडक पऱ्हाट्या शेताच्या रस्त्यावर पसरायचे, बैलगाड्यांच्या चाकाखाली चेचून भुगा व्हायचा, मग गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा आणि नंतर खड्ड्यात शेण, मूत मुरलेली माती, राख, थरावर थर. आता तर श्रेडर आलेत.

पऱ्हाटी:
श्रेडर तालुक्यात किती हाय ते सांगा न. आन गोठ्यात अंथराले गोठ्यात ढोर पाहिजे न भाऊ. तरी चाकाखाली चेचायची गोष्ट आवडली.

कृषीमित्र ९८:
सर्वांना नमस्कार, एवढी मेहनत करण्यापेक्षा आमचं ह्युमिक ९८ टक्के वापरा, एकरी फक्त १ किलो, सेंद्रिय कर्ब झपाट्याने वाढतो, पांढरी मुळी फुटते. इनबॉक्स करा.

माळरान:
९ लाख किलो मातीत १ किलो. वरचा हिशोब वाचला का नाही ओ?

ओलीचिकणमाती:
यावर मी आणि माळरान एकत्र 😀 बाजारातलं बरंचसं ह्युमिक म्हणजे लिओनार्डाइट नाहीतर लिग्नाइट, म्हणजे कोळशाचा भाऊ, कॉस्टिक पोटॅशमध्ये विरघळवलेला. मुळं त्याला थोडीफार प्रतिसाद देतात, ते खोटं नाही, पण त्यानं मातीचा कर्ब वाढत नाही. आणि मातीत असं तयार ह्युमिक अॅसिड म्हणून काही पडलेलं असतं का यावरच शास्त्रात वाद आहे, लेहमान आणि क्लेबर यांनी २०१५ मध्ये स्पष्ट मांडलं की अल्कलीत माती मुरवून अर्क काढला की जे हाती लागतं ते त्या प्रक्रियेतनं तयार होतं. मातीत खरं काय असतं, तर कुजण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे तुकडे, जिवंत आणि मेलेले जिवाणू, आणि चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेला कर्ब. तो चिकटलेला टिकतो, बाकीचा फिरत राहतो.

पाण्याचं पण सांगून टाकतो, कारण तो फॉरवर्ड इथं कोणीतरी टाकणारच, १ टक्का कर्ब वाढला की एकरात दीड लाख लिटर पाणी साठतं म्हणून. सिडनीच्या मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी जगभरची आकडेवारी गोळा करून बघितली, त्या हिशोबानं वरच्या सहा इंचाला एकरी सात हजार लिटरच्या आसपास येतं. आणि १ टक्का वाढणं म्हणजे माळरानांच्या ०.४२ चं १.४२, ते कधी होणार. पऱ्हाटीभाऊंचा मुद्दा वेगळा आहे आणि जास्त खरा आहे, प्रश्न किती साठतं हा नाही, पडलेलं पाणी आत शिरतं का वाहून जातं हा आहे.

जांभाकातळ (लांजा):
आमच्याकडे या, आमचा कर्ब १ च्या वर आहे, रिपोर्टवर 'अत्यंत भरपूर' लिहून येतं, फ्रेम करून लावू का? भात तुमच्यापेक्षा जास्त येत नाही. सामू (पीएच) साडेपाच, तीन हजार मिलिमीटर पाऊस सगळं धुऊन नेतो, स्फुरद (फॉस्फरस) टाकला की लोह आणि अॅल्युमिनियम त्याला धरून बसतात. म्हणून म्हणतो, कर्बाचा आकडा म्हणजे कस नव्हे. आणि जाळण्याचं म्हणाल तर आम्ही दाढीला, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्याला, राब (पालापाचोळा, फांद्या) पिढ्यान् पिढ्या भाजतोय, तण मरतं, राखेनं आंबटपणा जरा कमी होतो, रोप जोरात येतं. ते पण पाप का?

ओलीचिकणमाती:
दाढ केवढी आणि अख्खं रान केवढं काका. पण पहिला मुद्दा मान्य. फक्त उलटं पण बघा, तुमची जांभी माती स्वतः अन्नद्रव्य फार धरूच शकत नाही, जे काय धरलं जातं ते बरंचसं त्या कर्बामुळे. तो गेला तर काय उरेल? काळ्या रानात हे काम चिकणमातीच करते, म्हणून वाळवा-शिरोळला ह्यूमसचा हा फायदा पटकन डोळ्यात भरत नाही. मुरमाड रानवाल्याला विचारा.

शेतावरची सून:
काका आमच्या रायगडात नेरळला भडसावळ्यांनी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) काढलंय ना, गादीवाफ्यावर भात टोकायचा, नांगरणी-चिखलणी नाही, कापणीनंतर मुळं तशीच जमिनीत सोडायची. आम्ही करतो, मुख्य म्हणजे चिखलणी आणि लावणीचे पैसे वाचतात, कर्ब वाढला का नाही ते तपासलेलं नाही.

गच्चीवरची कुंडी (पुणे):
मला शेती नाही, पण आमच्या सोसायटीत पाचोळा रोज पोत्यात भरून कचरागाडीला देतात आणि तीच माणसं नर्सरीतनं कोकोपीट विकत आणतात, हे बघून डोकं फिरतं. मी ड्रममध्ये पाचोळा आणि ओला कचरा थर लावून कुजवते, भरलेल्या ड्रमचा शेवटी पाव ड्रम उरतो, काळं मोकळं खत, पावसात भिजलेल्या रानाचा वास. हिशोब वगैरे मला नाही येत, कुंडीतली माती दगड होत नाही एवढं कळतं.

माळरान:
ताई कुंडीत कर्ब १० टक्के केला तरी कोण विचारत नाही, ९ लाख किलोची कुंडी असती तर कळलं असतं.

सरीवरंबा:
दादा तुमचा सगळा हिशोब साठवणीचा आहे, तिथंच गाडी अडकती. साठला किती हे कागदावर बघायचं, पण रानाला जे काय मिळतंय ते कुजताना मिळतंय. तुम्ही म्हणता पाचातले चार हिस्से हवेत गेले, वाया गेले. वाया कसे? ते जिवाणूंनी खाल्ले, खाता खाता त्यांनी डिंकासारखा चिकट पदार्थ सोडला आणि त्यानं मातीचे रवे बांधले, नत्र, गंधक, जस्त मोकळं केलं. रिपोर्टवर ०.४२ चा ०.४४ झाला नाही म्हणून काय झालंच नाही असं कसं? कोल्हापूरचे चिपळूणकर विनानांगरणीची शेती करतात तेपण हेच सांगतात, मागच्या पिकाचं बुडखं आणि मुळं जागेवरच कुजू द्यायची, विकतचं शेणखत आणायचंच नाही. तुमच्या ट्रॉलीचा प्रश्नच मिटला.

माळरान:
हे बोलणं जरा पटण्यासारखं आहे, कुजताना मिळतं ते. पण मग मला सांगा, माझं निम्मं रान खंडानं केलेलं आहे, करार वर्षा-वर्षाचा, पुढच्या साली मालक कुणाला देईल सांगता येत नाही. उंदीर, पिवळा खोडवा, अडकणारं अवजार, हा ताप मी काढायचा आणि रवाळ माती मालकाला? लेख लिहिणारे सगळे स्वतःच्या सातबारावरचे बोलतात.

पऱ्हाटी:
हे मात्र खरं बोलले भाऊ. मक्त्याच्या वावरात कोणी शेणाची पाटीही टाकत नाही.

सरीवरंबा:
करार तीन वर्षाचा मागा की. खोडवा आणि त्याच्या पुढचा निडवा धरून तसंपण तेवढं लागतंयच. आणि पाचट जाळायचं नाही असं मालकाकडनंच लिहून घ्या, रान त्याचंच सुधारतंय, खंड जरा कमी करून मागा.

माळरान:
विचारलंय. मालक पुण्यात असतोय, दिवाळीला आला की बांधावर उभा राहून म्हणतोय, "जाळून घ्या ओ, रान कसं स्वच्छ दिसतंय."