इंदूरचा राजवाडा तासभर अंधारात ठेवल्याने घरातल्या सवयी बदलतात का?

रामबागकर
काल इथे एका सदस्याने लिहिलं की मार्चच्या शेवटच्या शनिवारी, अर्थ अवरला, म्हणजे जगभर तासभर दिवे बंद ठेवतात तेव्हा, रात्री ८.३० ते ९.३० राजवाड्यापासून छप्पन दुकान या खाऊगल्लीपर्यंत दिवे बंद ठेवावेत. इंदूर कचरा वेगळा करायला शिकलं तसं वीज वाचवायलाही शिकेल, असं त्याचं म्हणणं. हे वाचून गप्प बसवेना.

कचऱ्यात आपण शिकलो ते घोषणांनी नाही. रोज सकाळी गाडी दारात आली, ओला-सुका एकत्र असला तर घेतला नाही, रस्त्यावर टाकला तर दंड बसला. २०१७ पासूनचा स्वच्छ शहरांतला पहिला नंबर त्या गाडीचा आहे. विजेसाठी तशी गाडी कुठे आहे?

आणि हिशोब करा. ९ वॅटचे सहा एलईडी तासभर बंद ठेवले की ०.०५४ युनिट वाचतं. १५ लिटरच्या गिझरची एक टाकी २० अंशांवरून ५५ वर नेली की ०.६ युनिट जातं. अकरा वर्षांचा अर्थ अवर एका अंघोळीत संपला! वर लोक मेणबत्त्या लावतात. एक मेणबत्ती तासाला पाच-सहा ग्रॅम मेण जाळते, म्हणजे सोळा-अठरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. सहा बल्बांनी आपल्या ग्रीडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, वाचवले साधारण अडतीस ग्रॅम. दोन मेणबत्त्यांत जवळजवळ सगळं परत गेलं.

वैशाली, टिळकनगर
हिशोब बरोबर आहे, पण ०.०५४ युनिटसाठी हे कोणी करतच नाही. घरात काय काय चालू असतं याकडे त्या तासात प्रथम लक्ष जातं. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आठ-दहा वॅट घेतो, महिन्याला सहा-सात युनिट. हे कळायला निमित्त लागतं. कचऱ्याचंही तेच. गाडीवरचं गाणं, शाळांतल्या शपथा, वॉर्डातल्या बैठका वगळून नुसती गाडी फिरवली असती तर लोकांनी दोन डबे ठेवले असते का? ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, पंतप्रधानांच्या सांगण्यावरून लोकांनी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवले, तेव्हा देशाची विजेची मागणी ३१,००० मेगावॅटने उतरली. सांगितलं तर लोक ऐकतात.

तीनफेज
उतरली खरी, पण तिचं पुढे काय झालं? ८.४९ ला १,१७,३०० मेगावॅट होती, ९.१० च्या सुमारास ८५,७९९. कोळशाचे संच इतक्या झटपट वरखाली होत नाहीत, म्हणून जलविद्युत आधी चढवून ठेवली, मग पाडली, मग पुन्हा चढवली. ग्रीडची फ्रिक्वेन्सी ५० च्या जागी ५०.२६ हर्ट्झपर्यंत गेली. भार सांभाळणाऱ्यांनी उत्तम काम केलं, आणि दिवे लागले तसा भार परत आला. याला सवय म्हणत नाहीत. सवय बदलली उजालाने, म्हणजे सरकारच्या स्वस्त एलईडी योजनेने. जानेवारी २०१५ पासून, बाजारात तीनशेच्या घरात मिळणारा बल्ब सत्तरच्या आसपास मिळू लागला आणि साठ वॅटचा पिवळा बल्ब घरातून कायमचा गेला. आता पंख्याची पाळी आहे. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०. रोज पंधरा तास, आठ महिने धरा: एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात.

सुदामानगर_जुना
तुम्ही प्रत्येक धाग्यावर पंखेच विकता! साधा पंखा मंदावला की २.५ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बदलायचा, पन्नास रुपयांत काम होतं. बीएलडीसीचा पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, गेला की आठशे-हजार, आणि ते मॉडेल बंद झालं असेल तर अख्खा पंखा भंगारात. मग पर्यावरणाचं काय झालं? जूनच्या पहिल्या वादळात न्यूट्रल (विजेची परतीची तार) सुटतो आणि गल्लीतले पंखे एकदम जातात. फार तर बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा, म्हणजे आणखी खर्च.

तीनफेज
विकत नाही. पीसीबी का जळतो ते आधी समजून घ्या. बहुतेक वेळा इलेक्ट्रिशियन जुना रेग्युलेटर तसाच ठेवतो. तो विजेची लाट कापतो, ती कापलेली लाट पीसीबीच्या पॉवर सप्लायला सोसत नाही. आधी गुणगुण, मग धूर. एमसीबी (बोर्डातला सर्किट तोडणारा स्विच) पाडा, टेस्टरने खात्री करा, रेग्युलेटरच्या दोन्ही वायर काढून कनेक्टरने सरळ जोडा. स्विच फक्त चालू-बंद करायला राहील.

आणि न्यूट्रल तुटल्यावर सर्ज प्रोटेक्टर कामाचा नाही, तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. थ्री फेजचा न्यूट्रल सैल झाला की एका फेजवर दीडशे, दुसऱ्यावर तीनशेच्या वर व्होल्ट येतात आणि तसेच राहतात. तिथे ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लागतो, तो व्होल्टेज फार चढलं-उतरलं की वीज तोडतो. मीटरखालची न्यूट्रल लिंकही कसून घ्या.

रामबागकर
मूळ प्रश्नावर या. आपल्याकडे लोक मीटर बघतात ते महिन्याला १५० युनिटच्या सरकारी सवलतीसाठी. तोवर पहिल्या १०० युनिटला १०० रुपये, १५१ झालं की सवलत गेली. महिनाअखेर घराघरांत इस्त्री थांबते ती अंधाराच्या मोहिमेमुळे नव्हे.

वैशाली, टिळकनगर
त्याच सवलतीसाठी एका घरात वर-खाली दोन मीटर घेतात, तेही लिहा! वापर तेवढाच, बिलं दोन. आणि तीनशे युनिटवाल्याला तुमच्या १५० चं काय? तरी एक मान्य करते. जानेवारी २०२० पासून नवा एसी आपोआप २४ अंशांवर सुरू होतो, त्यासाठी कोणाला भाषण द्यावं लागलं नाही. पण हातातल्या रिमोटने १८ करणारा माणूस तिथेच बसलाय. साध्या एसीत १८ ने खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही, हे त्याला कोण सांगणार?

तीनफेज
मग त्या तासात हेच करा. मेन चालू ठेवून सगळे स्विच बंद करा आणि मीटरचा लाल दिवा बघा. मीटरवर ३२०० इम्पल्स, म्हणजे एका युनिटमागे तितक्या वेळा लुकलुकणं, लिहिलं असेल तर १० वॅटला तो ११२ सेकंदांनी एकदा लुकलुकतो. लवकर लुकलुकला तर काय चालू राहिलं ते शोधा. इन्व्हर्टरवर तास काढू नका, बॅटरी भरताना काढली त्याहून पाव भाग तरी जास्त वीज जाते.

रामबागकर
मीटरसमोर उभं करणार असाल तर माझा विरोध नाही. राजवाड्याचे दिवे घालवण्याला आहे.

सुदामानगर_जुना
पीसीबीच्या किमतीचं उत्तर अजून आलेलं नाही. रिले किती आकड्यावर लावायचा तेवढं सांगा.

तीनफेज
वर २७० व्होल्ट, खाली १७०. परत जोडायची वेळ तीन मिनिटं ठेवा, नाहीतर फ्रिजचा कॉम्प्रेसर दाबाखाली सुरू होताना अडकेल.