युरोपियन युनियन: दात नाहीत, पण चावा बसतो

'स्वतःचं सैन्य नाही, मग युरोपियन युनियनला जगात कोण विचारतो?' असा प्रश्न बरेचदा ऐकू येतो. मला तो अर्धाच पटतो. परराष्ट्र धोरणात सगळ्या २७ सदस्य देशांचं एकमत लागतं, त्यामुळे एकटा हंगेरीही गाडं अडवू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनला सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचा ठराव झाला, तेव्हा हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान चक्क खोलीबाहेर गेले आणि बाकीच्या २६ जणांनी तो मंजूर केला. पण युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला त्यांनी त्याच बैठकीत खो घातला. ती मंजूर व्हायला फेब्रुवारी उजाडला. महासत्ता अशा चालत नाहीत, हे मान्य.

पण बाजारपेठ? तिथे ब्रुसेल्सचा, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाचा, कागद तोफेपेक्षा भारी. ॲपलने इतकी वर्षं जपलेलं आयफोनचं स्वतःचं चार्जिंग पोर्ट, 'लायटनिंग', युनियनच्या 'सगळ्यांना एकच चार्जर' या नियमामुळेच गेलं, आणि आयफोन १५ ला टाइप-सी आपल्याकडेही आलं. २०१४ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, फळमाशीच्या कारणाने यांनी भारतातून येणारा हापूस बंद केला. बंदी उठली २०१५ मध्ये. कोकणातल्या बागायतदाराला विचारा, यांना कोण विचारतो ते!