भाजणीच्या संकेतस्थळासाठी शोधशब्द नेमके कसे निवडावेत?

कोथरूडची भाजणीवाली

नमस्कार. गेली सात वर्षे मी कोथरूडमध्ये घरूनच थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट आणि डिंकाचे लाडू करून विकते. आजवरची सगळी गिऱ्हाइके ओळखीतून किंवा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून आली. मागच्या वर्षी भाच्याने हौसेने एक छोटे संकेतस्थळ तयार करून दिले आणि पानांची शीर्षके मी स्वतः लिहिली : ‘आजीच्या हातची चव’, ‘पारंपरिक खाद्यसंस्कृतीचा वारसा’, ‘शुद्ध, सात्त्विक, घरगुती’. वर्ष होत आले, तरी गुगलवर शोधून आलेली ऑर्डर एकही नाही. संकेतस्थळ उघडून पाहणारे लोक बहुतेक मी लिंक पाठवलेलेच असतात.

विचारावे तो म्हणतो, ‘कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, नीट निवडा.’ एकाने ‘भाजणी’ हा शब्द पानभर पुन्हा पुन्हा लिहायला सांगितला. दुसऱ्याने ६० शब्दांची यादी देऊन ती संकेतस्थळाच्या कोडमधील ‘कीवर्ड्स’ नावाच्या रकान्यात भरायला सांगितली. शब्द मराठीत ठेवावेत की इंग्रजीत, एका पानावर किती असावेत, आणि कोणता शब्द कामाचा हे पैसे न खर्च करता कसे कळावे, हे कोणी समजावून सांगेल का? श्रावण सुरू झाला आहे आणि दिवाळीच्या आधी हे मार्गी लागावे अशी इच्छा आहे.

बाणेरचा विपणनवाला

ताई, आधी त्या दोन सल्ल्यांचे बघू. कोडमधील ‘कीवर्ड्स’ रकाना आपण शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गुगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. त्यामुळे त्यात ६० शब्द भरा किंवा ६००, फरक पडणार नाही. एकच शब्द पानभर कोंबणे तर गुगलच्या नियमांत गैरप्रकार म्हणूनच नोंदलेले आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्तीही कोणी सुचवील, तिच्या वाटेला जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. आपल्या मालाला आपण काय म्हणतो हा शोधशब्द नव्हे. ज्याला तो माल हवा आहे तो मोबाइल हातात घेऊन काय टाइप करतो, तो शोधशब्द. ‘आजीच्या हातची चव’ हे शब्द डब्याच्या लेबलावर शोभतील, पण भूक लागलेला माणूस ते शोधत नाही. शीर्षकात वस्तूचे नाव, ती कोणत्या प्रकारची आहे आणि कुठे मिळते, एवढे आले पाहिजे.

यात एक मोठी गोम आहे आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. ‘भाजणी’ हा एकटा शब्द शोधणाऱ्यांत दोन निराळ्या जाती असतात. पहिलीला भाजणी घरी करायची आहे. डाळ-तांदळाचे प्रमाण, किती भाजायचे, गिरणीतून किती बारीक दळून आणायचे हे तिला हवे असते. दुसरीला तयार भाजणी विकत हवी आहे. पहिलीने आपले पान उघडलेच, तर किंमत पाहून ती दोन सेकंदांत परत जाईल. म्हणून शब्द निवडण्याआधी त्यामागचा हेतू ओळखावा लागतो, आणि तो ओळखण्याची फुकटची रीत अशी : ब्राउझरची इनकॉग्निटो (आपले जुने शोध बाजूला ठेवणारी) खिडकी उघडून तो शब्द शोधा आणि पहिल्या पानावर काय येते ते शांतपणे वाचा. सगळ्या पाककृती आणि व्हिडिओ आले, तर त्या शब्दामागे गुगलला कृती शोधणारे लोक दिसतात असे समजा. दुकाने, किमती आणि नकाशा आला, तर तिथे विकत घेणारे आहेत. ‘चकलीची भाजणी प्रमाण’ आणि ‘चकलीची भाजणी पुणे ऑनलाइन’ या दोन शब्दसमूहांत हा फरक नजरेने दिसेल.

शब्द जितका आखूड तितकी त्यावर गर्दी जास्त. पुण्यात ‘भाकरवडी’ या एका शब्दावर वर यायचे, तर ज्या पदार्थाच्या जोडीला लोक चितळ्यांचे नाव आपोआप घेतात, त्यावर नव्या माणसाने झुंज देण्यासारखे आहे. उलट ‘उपासाची भाजणी कोथरूड घरपोच’ असे शोधणारे मोजकेच निघतील, पण त्यांतल्या प्रत्येकाच्या हातात पाकीट असते. लहान व्यवसायाने अशाच लांब शब्दसमूहांवर भर द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. गुगलच्या शोधपेटीत ‘थालीपीठ भाजणी’ लिहून थांबलात की खाली येणाऱ्या सूचना लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवरून तयार झालेल्या असतात. त्या वहीत उतरवून घ्या. गुगल ट्रेंड्समध्ये दिसणारा ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नसून तुलनेने किती ओढा आहे याचे माप आहे, तेव्हा त्याचा उपयोग दोन शब्दांची तुलना करायला आणि हंगाम कधी चढतो हे पाहायला करावा. कीवर्ड प्लॅनर हे जाहिरातदारांसाठीचे साधन फुकट उघडता येते, पण जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला ते ‘१०० ते १,०००’ असे ढोबळ पट्टेच दाखवते. खरे मोलाचे साधन म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेले गुगलचे सर्च कन्सोल. आपले पान कोणत्या शब्दांवर लोकांना दिसले, कितींनी ते उघडले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होते, हे ते मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे दाखवते. भाच्याला ते आजच संकेतस्थळाला जोडायला सांगा.

सदाशिव पेठेतील डबेवाल्या काकू

वरच्या उत्तराला माझ्या अनुभवाची पुष्टी देते. माझ्या पानावर आधी ‘पोळीभाजीचा घरगुती डबा’ एवढेच होते, कारण आमच्याकडे तसेच म्हणतात. आमच्या गल्लीत स्पर्धा परीक्षांची मुले राहतात आणि ती ‘मेस’ शोधतात. हिंजवडीत नोकरी करणारे ‘टिफिन सर्व्हिस’ शोधतात. आणि बाहेरगावाहून आलेल्या बऱ्याच जणांच्या तोंडी ‘चपाती’ असते. पेठेत राहून पोळीला चपाती म्हणायचे माझ्या जिवावर आले होते, पण ‘महिन्याची मेस, दोन वेळचा डबा, चपाती-भाजी’ असे वेगळे पान लिहिले आणि त्यानंतर मुलांचे फोन येऊ लागले. घरात मी अजूनही पोळीच म्हणते.

नारायण पेठेतील मुद्रितशोधक

शब्द मराठीत की इंग्रजीत, या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

सर्वप्रथम, आपल्या संकेतस्थळावरील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्राला अक्षरे ओळखता येतील अशा प्रमाण पद्धतीत, आहे ना, याची खातरजमा करा. लेबले डीटीपी करणाऱ्याकडून करून घेतली असतील आणि तोच मजकूर चिकटवला असेल, तर तो जुन्या फॉन्टमधला असण्याची शक्यता असते. अशा मजकुराचा फॉन्ट डोळ्यांना देवनागरी दाखवतो, पण यंत्राला त्याजागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. पानावरील एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या नोंदवहीत चिकटवून पाहा. तिथेही ‘थालीपीठ’ असेच उमटले तर चिंता नाही. किंमतपत्रक जर केवळ चित्राच्या रूपात चढवलेले असेल, तर तेच शब्द पानावर मजकूर म्हणूनही लिहा.

दुसरी अडचण आपल्या भाषेच्या घडणीतच आहे. मराठीत शब्द वाक्यात शिरला की रूप पालटतो : पुणे, पुण्यात, पुण्यातील, थालीपीठ, थालीपिठाची, आंबा, आंब्याचे. लोक मात्र शोधताना विभक्ती गाळून ‘थालीपीठ भाजणी पुणे’ असे तुटक लिहितात. तेव्हा शीर्षकात शब्दाचे मूळ रूप एकदा येऊ द्यावे आणि खालच्या परिच्छेदांत मराठी मराठीसारखीच लिहावी. ‘आम्ही थालीपीठ भाजणी पुणे घरपोच देतो’ अशी वाक्ये काही संकेतस्थळांवर वाचली की लाल शाई उचलावीशी वाटते. यंत्रासाठी म्हणून भाषेचे असे हातपाय तोडण्याचे कारण नाही, कारण शेवटी ऑर्डर देणार ते पान वाचणारा माणूस.

तिसरे, लेखनभेद. ‘उपास’ आणि ‘उपवास’ हे दोन्ही शब्द चालतात, तेव्हा दोन्ही पानावर सहजपणे येऊ द्यावेत. ‘मेतकूट’ मात्र अनेक जण ऱ्हस्व लिहितात. शोधयंत्रे अशा चुका बऱ्याचदा सांभाळून घेतात, म्हणून त्यासाठी आपण मुद्दाम अशुद्ध लिहू नये. अळिवाचे लाडू करत असाल, तर हिंदी भाषक अळिवाला ‘हलीम’ म्हणतात हेही वाक्यात आणता येईल.

राहता राहिली रोमन लिपी. पुष्कळ मराठी माणसे इंग्रजी कळफलकावरच मराठी शब्द टाइप करतात. कोणी ‘मेतकूट’मधला ‘कू’ एका ‘यू’ने लिहितो, तर कोणी दोन ‘ओ’ लावतो. पानाच्या दुव्यात आणि एका उपशीर्षकात पदार्थाचे नाव प्रचलित रोमन लेखनात द्यावे, एवढे पुरेसे आहे. पुण्यातल्या अमराठी रहिवाशांनाही आपला माल घ्यावासा वाटावा अशी इच्छा असेल, तर थालीपिठाच्या भाजणीचे एक स्वतंत्र इंग्रजी पान करून त्यात ‘निरनिराळी धान्ये आणि डाळी भाजून केलेले पीठ’ हे त्यांच्या शब्दांत सांगावे. एकाच पानावर दोन भाषांची सरमिसळ केली की दोन्ही वाचक बिचकतात.

कोथरूडची भाजणीवाली

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर एक उद्योग केला. व्हॉट्सॲपवर मागील दोन वर्षांत अनोळखी गिऱ्हाइकांचे जे पहिले संदेश आले होते, ते वहीत जसेच्या तसे उतरवले. एकूण ४१ निघाले. त्यांपैकी एकातही ‘पारंपरिक’ किंवा ‘सात्त्विक’ हा शब्द नाही. नऊ जणांनी ‘भाजणी’ असे न म्हणता ‘थालीपिठाचं पीठ’ म्हटले आहे, जे मी स्वतः कधीच म्हणाले नसते. सहा जणांनी ‘किती दिवस टिकते?’ असे विचारले आहे. दोन संदेश ‘मुलगा अमेरिकेत आहे, दिवाळीच्या आधी पाठवता येईल असे पॅकिंग मिळेल का?’ अशा अर्थाचे आहेत. एका बाईंनी नुसते ‘मऊ भातावर घालतात ते’ असे लिहिले होते; त्यांना मेतकूट हवे होते.

मुद्रितशोधकांची शंकाही खरी निघाली. लाडवांच्या पानावरील मजकूर लेबलावरून घेतलेला होता आणि नोंदवहीत चिकटवल्यावर त्याची नुसती चिन्हे झाली. तो पुन्हा टाइप केला आहे. पहिल्या पानाचे शीर्षक आता ‘थालीपीठ भाजणी, पुणे : कोथरूडमधून घरपोच’ असे ठेवले आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिन्ही भाजण्या एकाच पानावर ठेवू की वेगळ्या? आणि गुगलच्या नकाशावर माझ्या व्यवसायाच्या नावातच ‘बेस्ट भाजणी इन पुणे’ असे जोडावे असे भाचा म्हणतो, ते करू का?

बाणेरचा विपणनवाला

ताई, ती वही म्हणजे तयार शोधशब्दांची यादीच आहे, यापेक्षा चांगली यादी आपल्याला कोणी विकतही देणार नाही. ‘थालीपिठाचं पीठ’ हे शब्द पहिल्या परिच्छेदात येऊ द्या आणि ‘किती दिवस टिकते?’ हा प्रश्न त्याच शब्दांत उपशीर्षक करून त्याखाली सरळ उत्तर लिहा.

तिन्ही भाजण्यांची पाने वेगळी ठेवा, कारण घेणारा निराळा आणि हंगामही निराळा. उपासाच्या भाजणीला श्रावण, नवरात्र आणि एकादश्या. चकलीच्या भाजणीला दिवाळी. थालीपिठाच्या भाजणीला बारा महिने. मात्र एकाच वस्तूची ‘भाजणी कोथरूड’, ‘भाजणी वारजे’, ‘भाजणी कर्वेनगर’ अशी केवळ नाव बदललेली दहा पाने करू नका. कुठे कुठे पोचवता त्या भागांची नावे एका वाक्यात लिहिली की भागते.

नकाशावरील नावात काहीही जोडू नका. व्यवसायाचे नाव प्रत्यक्षात लोक ज्या नावाने ओळखतात तेच असावे असा तिथला नियम आहे आणि तो मोडला तर नोंद स्थगित होऊ शकते. ‘जवळपास’ असे शोधणाऱ्याला काय दाखवायचे हे शोधाशी जुळणी, अंतर आणि त्या ठिकाणाचा लौकिक यांवरून ठरते. तेव्हा नोंदीत व्यवसायाचा प्रकार अचूक निवडा आणि जुन्या गिऱ्हाइकांना खरा अभिप्राय लिहायची विनंती करा.

चकलीच्या भाजणीचे आणि परदेशी पाठवण्याच्या पॅकिंगचे पान गणपतीच्या आधी चढवा. नवे पान गुगलच्या नजरेत येऊन स्थिरावायला काही आठवडे जाऊ शकतात, आणि अमेरिकेला फराळ पाठवणारे लोक दिवाळीच्या महिनाभर आधीपासूनच शोधू लागतात.