पोर्ट ८० आणि ४४३ उघडे, तरी लॅनवर एकही साइट उघडत नाही

प्रश्न: लिनक्स राउटर, फायरवॉल आयपीटेबल्स. फॉरवर्ड चेनची (राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची यादी) पॉलिसी ड्रॉप केली, म्हणजे कुठल्याच नियमात न बसणारं पॅकेट टाकून द्यायचं, आणि लॅनकडून (आतलं नेटवर्क) वॅनकडे (इंटरनेटची बाजू) टीसीपी ८० व ४४३ (वेबचे पोर्ट) ॲक्सेप्ट असे दोन नियम टाकले. लॅनमधल्या पीसीवर काहीच उघडत नाही. राउटरवरूनच कर्ल (कमांड देऊन वेब पान मागवणं) केलं तर मात्र लगेच चालतं. चुकलं कुठे?

उत्तर १: नियम अर्धेच आहेत. पीसीचं सिन पॅकेट (कनेक्शन सुरू करणारं) सोर्स पोर्ट ५१२३४ वरून डेस्टिनेशन ४४३ कडे गेलं, ते नियमात बसलं. सर्व्हरचं सिन-ॲक (त्या सिनचं उत्तर) येतं ते उलटं: सोर्स ४४३, डेस्टिनेशन ५१२३४, वॅनकडून लॅनकडे. त्यासाठी नियमच नाही, म्हणून ते ड्रॉप होतं. राउटरचं स्वतःचं ट्रॅफिक आउटपुट आणि इनपुट चेनमधून जातं, फॉरवर्डमधून नाही. म्हणून तिथलं कर्ल चालतं.

यावर उपाय म्हणून ५१२३४ सारखे मोठ्या आकड्यांचे सगळे पोर्ट आत उघडू नका. सोर्स पोर्ट ४४३ कोणीही लावू शकतो. कनट्रॅक (चालू कनेक्शनांची नोंद ठेवणारी सोय) वापरा: एस्टॅब्लिश्ड (आधीच सुरू असलेलं कनेक्शन) आणि रिलेटेड (त्याच्याशी संबंधित पॅकेट) ॲक्सेप्ट हा नियम सगळ्यात वर, -आय फॉरवर्ड १ देऊन. नियम वरून खाली तपासले जातात आणि बहुतेक पॅकेटं इथेच सुटतात, त्यामुळे प्रोसेसरचं कामही वाचतं.

प्रश्नकर्ता: टाकला. आता कर्लला १.१.१.१ दिलं की उत्तर येतं, साइटचं नाव दिलं की नाही.

उत्तर १: डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधणं, अडकलंय. पीसीला बाहेरचा डीएनएस दिला असेल तर फॉरवर्डमध्ये ५३ उघडा, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही. यूडीपीत न मावणारी उत्तरं टीसीपीवर मागितली जातात. राउटरच डीएनएस देत असेल तर हाच नियम इनपुटमध्ये, फक्त लॅनच्या इंटरफेसवर. अंदाज करत बसू नका: आयपीटेबल्सला -एल -व्ही -एन दिलं की प्रत्येक नियमापुढे आणि पॉलिसीपुढे पॅकेटांचा आकडा दिसतो. साइट उघडायचा प्रयत्न करा. पॉलिसीचा आकडा वाढला तर पॅकेट तिथेच मरतंय.

उत्तर २: दोन गोष्टी जोडतो. सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे निरोप) सरसकट बंद करू नका. पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडायचं ब्रॉडबँड) एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ बाइट असतो. 'पॅकेट मोठं आहे' सांगणारा टाइप ३, कोड ४ चा निरोप अडला की कनेक्शन जुळतं, पण पान अर्ध्यातच लटकतं. रिलेटेड नियम हा निरोप आत घेतो, फक्त त्याच्या वर आयसीएमपी ड्रॉप नको. शिवाय मँगल टेबलात (पॅकेटात बदल करणारे नियम) एमएसएस (एका पॅकेटातल्या टीसीपी डेटाची कमाल मर्यादा) क्लॅम्प लावा, म्हणजे तो १४५२ वर येईल.

आणि हे सगळं फक्त आयपीव्ही४ पुरतं आहे. वॅनवर आयपीव्ही६ मिळत असेल आणि आयपी६टेबल्सची (आयपीव्ही६ साठीचे वेगळे नियम) फॉरवर्ड पॉलिसी अजून ॲक्सेप्ट असेल, तर लॅनमधली मशीनं त्या बाजूने उघडीच आहेत. आजच तपासा.