आई-बाबा ५ महिने अमेरिकेला: पॉलिसी इकडची घ्यावी की तिकडची?

येळ्ळूरकर
नमस्कार मंडळी. आई (६६) आणि बाबा (७१) नोव्हेंबरात बहिणीकडे न्यू जर्सीला निघालेत, ५ महिन्यांसाठी. आईला थायरॉईड. बाबांना बीपी, शुगर आणि ४ वर्षांपूर्वी घातलेला एक स्टेंट. इथला एजंट भारतीय कंपनीची ५०,००० डॉलरची ट्रॅव्हल पॉलिसी दाखवतोय, बहीण म्हणते अमेरिकन कंपनीचीच घे. आणि मामा म्हणतात, घरात मेडिक्लेम आहे, यशस्विनी कार्ड आहे, आणखी कशाला खर्च! काय बघून ठरवायचं?

क्लेमवाला_निपाणी
मामांचं आधी मिटवू. यशस्विनी (कर्नाटकची सहकारी सभासदांसाठीची आरोग्य योजना), आयुष्मान किंवा सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी २०२३ मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना, यांतलं एकही कार्ड परदेशात चालत नाही. (या योजनेवरून महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारं भांडली, पण विमान समुद्रावर गेलं की दोघांचीही हद्द संपते.) साध्या मेडिक्लेममध्येही उपचार भारतातलेच धरतात.

शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, कॅनडाच्या सुपर व्हिसाला निदान वर्षभराचा १,००,००० कॅनेडियन डॉलरचा. अमेरिकेच्या बी-२ ला (पर्यटक व्हिसाला) विम्याची काहीच अट नाही. कुणी विचारत नाही, म्हणून लोक सगळ्यात स्वस्त ते उचलतात.

आता मुद्द्याचं. पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोडा आणि 'प्री-एक्झिस्टिंग' (आधीपासूनचा आजार) हा शब्द जिथे जिथे आलाय ती कलमं वाचा. बाबांच्या बाबतीत सगळं तिथेच अडणार. भारतीय ट्रॅव्हल पॉलिसी जुना आजार सहसा वगळते. जिवावर बेतलं तरच देते, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. शिवाय ज्येष्ठांच्या पॉलिसीत खोलीभाडं, आयसीयू, सर्जन यांना वेगवेगळ्या सब-लिमिट, म्हणजे बाबीगणिक कमाल मर्यादा, असू शकतात. मग ५०,००० हा आकडा फक्त छापण्यापुरता उरतो.

अमेरिकन कंपन्यांच्या चांगल्या व्हिजिटर पॉलिसींत 'अक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन' असं कलम असतं. जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उसळला आणि ठरलेल्या वेळात (बऱ्याच ठिकाणी २४ तासांत) उपचार सुरू केले तर खर्च मिळतो. यात माणसं दोन ठिकाणी फसतात. एक, छातीत तीन दिवस दुखत होतं आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात गेले, तर ते 'अचानक' राहत नाही. 'ॲसिडिटी असेल, बघू उद्या' म्हणायची आपली सवय इथे महागात पडते. दोन, वयाची अट. हे कलम काही पॉलिसींत ७० ला बंद होतं, काहींत ८० पर्यंत चालतं. बाबा ७१ चे, म्हणजे बऱ्याच पॉलिसी इथेच गळतील. दोघांसाठी एकच पॉलिसी घ्यायचा हट्ट धरू नका.

शुगरची नेहमीची तपासणी, ठरलेल्या गोळ्या, 'आलोच आहोत तर तिकडे एकदा दाखवून घेऊ' असलं काहीही व्हिजिटर पॉलिसी सहसा देत नाही.

शहापूर_पेठ
वरच्या उत्तराला जोड. अमेरिकन पॉलिसीतही दोन जाती आहेत, आणि वेबसाइटवर स्वस्त दिसते ती 'फिक्स्ड बेनिफिट'. ही प्रत्येक बाबीला ठरीव रक्कम देते. समजा ३ दिवस ॲडमिट आणि ऑपरेशन मिळून बिल ४०,००० डॉलर झालं. पॉलिसीत खोलीला दिवसाला १,५००, सर्जनला ४,०००, भूल देणाऱ्याला १,०००, इमर्जन्सीला ५०० असं लिहिलं असेल तर मिळणार १०,०००. उरलेले ३०,००० तुमच्या बहिणीच्या डोक्यावर.

'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असेल आणि त्यात डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) २५०, पुढच्या ५,००० वर ८०-२० वाटणी (८० टक्के कंपनी, २० तुम्ही), त्यापुढे १०० टक्के असं असेल, तर त्याच बिलात तुमचे जाणार २५० अधिक १,०००, म्हणजे १,२५०. (आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, पॉलिसीगणिक बदलतात.) हप्ता जास्त वाटतो, पण पैसे वाचवायचेच तर डिडक्टिबल वाढवून वाचवा, जात बदलून नको. डिडक्टिबल पूर्ण मुदतीला एकदाच आहे की दर आजाराला, तेही बघा.

विम्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात पीपीओ नेटवर्कचं, म्हणजे ठरलेल्या दरांचा करार असलेल्या दवाखान्यांच्या साखळीचं, नाव असतं. दवाखान्याला फोन करून 'हा विमा घेता का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'तुम्ही या नेटवर्कमध्ये आहात का' असं विचारा.

येळ्ळूरकर
हे कुणी सांगितलंच नव्हतं. अजून एक. एजंट म्हणतो स्टेंटचं फॉर्मात लिहू नका, हप्ता वाढेल.

क्लेमवाला_निपाणी
एजंट बदला. इमर्जन्सीत नर्स पहिल्यांदा जुने आजार, ऑपरेशनं आणि चालू गोळ्या विचारते आणि सगळं चार्टवर चढतं. क्लेम तपासणारा तोच चार्ट मागवतो. फॉर्मात 'नाही' आणि चार्टवर 'स्टेंट', मग हृदयाचा क्लेम तर जातोच, वर पूर्ण पॉलिसी रद्द करायला त्यांना कारण मिळतं.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर कार्डामागच्या नंबरवर लगेच कळवा. ठरवून ॲडमिट होणार असाल तर आधी, इमर्जन्सी असेल तर साधारण ४८ तासांत. नाही कळवलं तर बऱ्याच पॉलिसी रक्कम कापतात. ताप-खोकला, किरकोळ जखम असेल तर इमर्जन्सीत न जाता 'अर्जंट केअर'ला जा. तिथलं बिल कितीतरी कमी, आणि ॲडमिट न होता इमर्जन्सीतून परत आलात तर काही पॉलिसी जादा डिडक्टिबल लावतात. छातीत कळ आली तर मात्र हा हिशेब करत बसू नका, ९११ ला (तिकडचा इमर्जन्सी नंबर) फोन करा. १९८६ च्या कायद्यामुळे पैशांअभावी इमर्जन्सीतून तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही. बिल अर्थात येतंच.

अनगोळ_मेडिकल
गोळ्यांचं कुणी बोललं नाही. सोबत साधारण ९० दिवसांपुरत्याच न्याव्यात असा तिकडच्या एफडीएचा (औषध नियंत्रण खात्याचा) दंडक आहे, तुमचे १५० होतात. उरलेल्या मागून पाठवाव्या लागतील. त्यासोबत डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, व्हिसा आणि पासपोर्टची प्रत हवी. ऐनवेळी धावाधाव नको, पार्सल इथूनच जाणार, म्हणून या कागदांच्या प्रती ते निघायच्या आधीच तुमच्याकडे घरी काढून ठेवा.

प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, टाइप केलेलं आणि औषधाच्या मूळ नावाने घ्या. आपले ब्रँड तिकडच्या डॉक्टरला कळत नाहीत. टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ लिहिलेलं कळतं. पॅरासिटामॉलला ते ॲसिटामिनोफेन म्हणतात, हेही आईंना सांगून ठेवा, नाहीतर दोन नावांखाली एकच गोळी दुप्पट पोटात जाते. स्ट्रिपा कापून डबीत भरू नका, पाकिटासकट न्या. स्टेंटचा डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा ईसीजी मोबाइलमध्येही ठेवा. जुना ईसीजी शेजारी असला की नवीन बदल कुठला ते तिकडच्या डॉक्टरला चटकन दिसतं.

शहापूर_पेठ
तारखा. मुंबईहून विमान रात्री १ नंतरचं असेल तर घरून आदल्या दिवशी निघालात तरी पॉलिसी तिकिटावरच्या तारखेची हवी, यात बऱ्याचदा घोळ होतो. परतीच्या पुढे ८-१० दिवस जादा ठेवा. लवकर परतलात आणि क्लेम केला नसेल तर अनेक अमेरिकन पॉलिसी थोडं शुल्क कापून उरलेले पैसे देतात.

आणि बिलं महिनोन्‌महिने येत राहतात, दवाखान्याचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं. तोवर आई-बाबा येळ्ळूरला परत आलेले असतात. म्हणून तिथे असतानाच, आपल्या वतीने बहिणीला माहिती द्यावी असा हिपाचा (तिकडच्या रुग्ण-गोपनीयता कायद्याचा) फॉर्म दवाखान्यात आणि विमा कंपनीकडे दोघांच्या सहीने देऊन ठेवा. नाहीतर फोनवर तिला एक अक्षर सांगणार नाहीत. क्लेमला दवाखान्याचा यूबी-०४ आणि डॉक्टरचा सीएमएस-१५०० हे तपशीलवार बिलाचे फॉर्म मागा. नुसत्या एकूण रकमेच्या पावतीवर क्लेम अडतो.