एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना शोधनिबंधाची रचना कशी शिकवावी? (सल्ला हवा)

रसायन_अध्यापक: एमएस्सी भाग एकच्या रिसर्च मेथडॉलॉजीत शोधनिबंधासाठी सहा तासिका आहेत. वर्गात तीस मुलं. विभागांची नावं पाठ होतात, पण पेपर हातात दिला की पहिल्या ओळीपासून शब्दकोश घेऊन बसतात. लिहायला सांगितलं की प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवतात. कोणता पेपर घ्यावा, कोणत्या क्रमाने जावं?

वर्णपट: सुरुवात रामन आणि कृष्णन यांच्या 'नेचर'मधल्या 31 मार्च 1928 च्या पत्राने (म्हणजे छोट्या शोधनिबंधाने) करा; विषय रामन परिणाम, म्हणजे प्रकाशाचं नव्या प्रकारचं विकिरण (स्कॅटरिंग). जेमतेम पानभर मजकूर, एकही उपशीर्षक नाही. म्हणूनच तो घ्यायचा. प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहायला लावा: हे वाक्य इथे काय काम करतंय? आधी क्ष-किरणांच्या विकिरणाचा आधार घेऊन मांडलेली अपेक्षा. मग साधनं: 18 सेंमी व्यासाचं दुर्बिणीचं भिंग, 230 सेंमी नाभीय अंतर, वारंवार ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेले द्रव. मग एकमेकांना पूरक फिल्टरांची युक्ती, आणि सुमारे साठ द्रवांत परिणाम दिसल्याचं निरीक्षण. त्यानंतर ही प्रतिदीप्ती (फ्लुरोसन्स) नाही हे कशावरून, तर प्रकाश नेहमीच्या विकिरणाच्या मानाने क्षीण आहे आणि त्याचं ध्रुवीकरण झालेलं आहे.

यावर निम्मी तासिका द्या. 'दुसरं काही कारण असू शकेल का?' या शंकेला दिलेलं उत्तर म्हणजे डिस्कशन, हे इथे जितकं लख्ख दिसतं तितकं व्याख्येतून कधीच दिसत नाही.

मग सहा-आठ पानांचा, मोफत उपलब्ध असलेला एक पेपर. शीर्षकं काढून परिच्छेद कापा, तिघातिघांच्या गटांना जुळवायला द्या. रिव्ह्यू (इतरांच्या संशोधनाचा आढावा) घेऊ नका, त्यात ही रचनाच नसते. रसायनशास्त्राच्या बऱ्याच शोधपत्रिकांत एक्सपेरिमेंटल विभाग शेवटी येतो, हे आधीच सांगा. घरी वाचताना क्रम असा: शीर्षक, सारांश, आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी, मगच बाकीचं.

मोजपट्टी: लेखनासाठी नवा प्रयोग शोधू नका. फिनँथ्रोलीनने रंग आणून लोहाचं मापन मुलांनी केलेलं असतं, त्याचीच आकडेवारी घ्या. आधी आलेख आणि तक्ता, मग मेथड्स, रिझल्ट्स, डिस्कशन, त्यानंतर प्रस्तावना. सारांश सगळ्यात शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की 'लोह हे महत्त्वाचे मूलद्रव्य आहे' यावर अर्धं पान जातं आणि प्रश्न येतच नाही.

मेथड्स लिहून झाल्या की वह्या बदला. दुसऱ्याने फक्त वाचून प्रयोग मनात करायचा आणि जिथे अडेल तिथे खूण करायची. हायड्रॉक्सिलअमाइन राहून गेलं असेल तर फेरिकचं फेरस होणार नाही, नारिंगी रंग कमी येईल. पीएच, रंग येण्यासाठी थांबलेला वेळ, 510 नॅनोमीटर ही तरंगलांबी, क्युव्हेटची (द्रावण ठेवायच्या पारदर्शक नळीची) रुंदी: यातलं काहीतरी निसटतंच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधलं 'द्रावण घ्या' इथे 'द्रावण घेतले' व्हायला हवं, कारण ही सूचना नाही, केलेल्या कामाची नोंद आहे.

रिझल्ट्सची वाक्यं निळ्या, अर्थ लावणारी लाल शाईने अधोरेखित करा. 'आलेख सरळ आला, म्हणून बीअर-लॅम्बर्टचा नियम (शोषण संहतीच्या प्रमाणात) सिद्ध झाला' हे वाक्य हमखास सापडेल. त्याऐवजी कोणत्या संहतीपर्यंत रेषा सरळ आहे ते लिहायला लावा.

रसायन_अध्यापक: खूप आभार दोघांचे. मुलांच्या इंग्रजीचं काय करू?

मोजपट्टी: आधी मराठीत तोंडी सांगू द्या. युक्तिवाद मराठीत जमला नाही तर इंग्रजी सुधारून फरक पडणार नाही.

ग्रंथालयीन: एक भर घालतो. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या 2018 च्या नियमांत इतरांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं तेवढं उचलायची मुभा आहे असं समजतात आणि उरलेल्यात शब्द बदलतात. परिच्छेद वाचायचा, पान बंद करायचं, मग लिहायचं. आणि प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून बघायला लावा. एआयने दिलेल्या यादीत अस्तित्वातच नसलेले पेपर येतात, तेही खऱ्या शोधपत्रिकांच्या नावाने.