स्टेशनवरचा सिनेमा: ८९ मिनिटांचा लावू की तासाभराचा?

निवृत्त_टीसी (कोथरूड):
सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही महिन्यातून एकदा सिनेमा लावतो. प्रोजेक्टर माझा, चहा ज्याचा त्याचा. या वेळी रोमच्या स्टेशनवर घडणारा, माँटगोमेरी क्लिफ्ट आणि जेनिफर जोन्सचा १९५३चा सिनेमा ठरलाय. डिस्कवर बघतो तर दोन सिनेमे! एक दिग्दर्शक डी सिकाचा, ‘स्टात्सिओने तेर्मिनी’, ८९ मिनिटांचा. दुसरा निर्माता सेल्झनिकने अमेरिकेसाठी कापलेला, जेमतेम तासाभराचा, नावही वेगळं. साडेनऊला वॉचमन किल्ली मागतो, म्हणून सेक्रेटरींना छोटाच हवाय. “गोष्ट तीच आहे ना?” म्हणाले. आहे तीच. लग्न झालेली अमेरिकन बाई, रोममधला प्रियकर, सुटायला आलेली गाडी. मग छोटा बघताना मला काहीतरी चुकल्यासारखं का वाटलं?

प्रभातरोडची:
वाटणारच काका. सेल्झनिकने गर्दी कापली. डी सिकाला अख्खं स्टेशन दाखवायचं होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांसकट. सेल्झनिकला हवी होती नायिका, आणि नायिका त्याची बायको! तिच्या क्लोजअपसाठी त्याने ऑस्वाल्ड मॉरिस हा वेगळा कॅमेरामन आणला. डी सिकावर त्याच्या मेमोंचा, म्हणजे लेखी सूचनांचा, मारा होताच. शेवटी सिनेमा इतका आखूड झाला की सुरुवातीला गायिका पॅटी पेजची गाणी जोडून लांबी भरून काढावी लागली. आधी कापड फाडायचं, मग ठिगळ शोधायचं.

पैसा_कुणाचा:
निर्माता दिसला की झोडा! डी सिकाची आवृत्ती मध्ये मध्ये रेंगाळते, खोटं कशाला बोला. आणि ‘तीसरी कसम’ (१९६६) आठवा. वितरकांना गोड शेवट हवा होता, निर्माता शैलेंद्रच अडून बसला. तोही शेवट स्टेशनवरचाच, बरं का.

निवृत्त_टीसी:
शैलेंद्रचं मान्य. पण रेंगाळण्याबद्दल बोलतो, कारण काल छोटा पुन्हा लावला. पुणे स्टेशनवर माझी बरीच नोकरी गेली. निरोप घेणारं जोडपं तिथे एकटं कधी नसतंच. ती खिडकीचा गज धरून आत, तो खाली फलाटावर. तोंड उघडणार तेवढ्यात हमाल “बाजू, बाजू” करत मधून जातो. कुणीतरी नेमकं तिलाच विचारतं, “हीच का हो कोल्हापूरची?” गाडी हलते, आणि याच्या तोंडून निघतं काय, तर “डबा खाऊन घे.”

डी सिकाकडे ते दोघं सारखे कुणाच्या तरी वाटेत उभे आहेत. सेल्झनिकने वाट मोकळी करून दिली, आणि मला वाटायला लागलं, बाई, आता तरी बस ना गाडीत!

८९ मिनिटांचाच लावतोय. वॉचमनला दहापर्यंत पटवलंय. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही.